पाठभेदांचे पुनरागमन : ‘व्होल्ट्रॉन’चा नवा अवतार आणि चाहत्यांचे वाचन

१

एखाद्या लोकप्रिय मालिकेचा नव्याने आरंभ झाला की तिच्या जुन्या चाहत्यांमधून उमटणाऱ्या प्रतिक्रियांकडे समीक्षा सहसा दोन अंगांनी पाहते. या प्रतिक्रिया म्हणजे बालपणाविषयीचे स्मरणरंजन होय, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ती बाजारपेठेने जोपासलेली आणि बाजारपेठेसाठीच उपयोगी पडणारी भावनिक गुंतवणूक असते. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र दोन्ही मते चाहत्याला वाचक मानत नाहीत. तो काय वाचतो, कशाशी ताडून वाचतो आणि कोणत्या निकषावर स्वीकार वा नकार देतो, हे प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतात. तौलनिक साहित्याभ्यासाला या प्रश्नांत रस असायला हवा, कारण एकाच कथेच्या अनेक संहितांमधील संबंधांचा विचार हे या विद्याशाखेचे मध्यवर्ती कार्य आहे.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका यंत्रमानव-मालिकेच्या पुनरारंभाचा विचार केला आहे. ‘व्होल्ट्रॉन : लेजंडरी डिफेंडर’ ही ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशनची मालिका १० जून २०१६ रोजी नेटफ्लिक्सवर सुरू झाली. होआकिम दोस सान्तोस आणि लॉरेन मॉन्टगोमेरी हे तिचे प्रमुख निर्माते असून तिचे चित्रांकन दक्षिण कोरियातील स्टुडिओ मीर या संस्थेने केले. पाच सिंहरूपी यंत्रे, त्यांचे पाच चालक आणि त्या यंत्रांच्या जोडणीतून उभा राहणारा महाकाय यंत्रमानव ही तिची मूळ कल्पना १९८४ सालच्या अमेरिकन मालिकेतून आलेली आहे. या मालिकेच्या पहिल्या भागाला चाहत्यांनी दिलेला प्रतिसाद वरवर पाहता ‘मुळाशी निष्ठा’ या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. परंतु येथे ‘मूळ’ कोणते, हेच निश्चित नाही. या अनिश्चिततेत चाहत्यांचे वाचन पाठचिकित्सेच्या फार जवळ जाते, आणि तरीही त्यांचा अंतिम निकष पाठाची प्राचीनता हा नसून औचित्य हा असतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

प्रथम संहितेचा इतिहास पाहू. जपानमधील तोएई अ‍ॅनिमेशनने १९८१-८२ मध्ये ‘ह्याकुजूओ गोलायन’ ही ५२ भागांची मालिका निर्माण केली. तिच्या प्रारंभीच पृथ्वी अणुयुद्धात नष्ट झालेली आहे. अंतराळातून परतलेले पाच तरुण ही राख पाहतात, गाल्रा साम्राज्याच्या तावडीत सापडतात आणि गुलामांच्या छळछावणीतून निसटून आल्तेया ग्रहावर पोहोचतात. हिरोशिमा आणि नागासाकी यांचा अनुभव असलेल्या समाजाने लहान मुलांसाठी रचलेली ही कथा आहे, हे विसरून चालणार नाही. तिच्यात मृत्यू वारंवार येतो. पाच नायकांपैकी शिरोगाने ताकाशी हा निळ्या सिंहाचा चालक कथेच्या आरंभीच्या टप्प्यातच मारला जातो आणि त्याची जागा राजकन्या फाला घेते.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वर्ल्ड इव्हेंट्स प्रॉडक्शन्स या संस्थेने ही मालिका घेतली आणि सप्टेंबर १९८४ पासून ‘व्होल्ट्रॉन : डिफेंडर ऑफ द युनिव्हर्स’ या नावाने प्रक्षेपित केली. या संस्थेला वस्तुतः ‘दालतानियस’ ही दुसरी सिंहधारी यंत्रमानव-मालिका हवी होती व चुकीने ‘गोलायन’च्या फिती आल्या, असे सांगितले जाते. जपानी संवादांचे भाषांतर न करता चित्रांवर नवी इंग्रजी कथा बसवण्यात आली. पृथ्वीचा विनाश गळाला. आल्तेया ग्रहाचे नाव आरस झाले, फालाची अल्लुरा झाली, सम्राट दायबझालचा झारकॉन झाला, होनेर्वा या जादूगारणीची हॅगर झाली आणि शिरोगानेचा स्वेन झाला. या स्वेनला उत्तर युरोपीय धाटणीचे उच्चारही मिळाले. सर्वांत लक्षणीय बदल त्याच्या मृत्यूचा आहे. चित्रांत मरणारा हा तरुण संवादांत केवळ जखमी होतो आणि उपचारांसाठी दुसऱ्या ग्रहावर पाठवला जातो. पुढे जपानी कथेत त्याचा भाऊ अवतरतो. अमेरिकन कथेत हा भाऊ म्हणजे बरा होऊन आलेला स्वेनच ठरतो. मालिका लोकप्रिय झाल्यावर ५२ भाग पुरेनात, म्हणून सिंहांच्या कथेचे २० नवे भाग तोएईकडून करवून घेण्यात आले. शिवाय ‘दायरुगर १५’ या दुसऱ्याच जपानी मालिकेचे ५२ भाग ‘व्होल्ट्रॉन’ याच नावाखाली तिला जोडण्यात आले. अशा रीतीने १२४ भागांची जी संहिता सिद्ध झाली, तिला अमेरिकेतील एका पिढीने ‘मूळ’ मानले.

पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर या ‘मुळा’त लोप आहेत, प्रक्षेप आहेत, संकर आहे आणि हेतुपूर्वक केलेले पाठांतर आहे. १९९८ मधील ‘द थर्ड डायमेन्शन’ आणि २०११ मधील ‘व्होल्ट्रॉन फोर्स’ या दोन उत्तरकालीन मालिकांनी याच संहितेवर पुढची बांधणी केली. जपानी थराकडे गांभीर्याने वळणारी मालिका २०१६ मध्ये आली.

३

२०१६ च्या पहिल्या भागाचे प्रेक्षक स्थूलमानाने तीन प्रकारचे होते. पहिला वर्ग १९८४ ची मालिका लहानपणी पाहिलेल्यांचा. दुसरा वर्ग त्या मालिकेमागील ‘गोलायन’ नंतरच्या काळात शोधून पाहिलेल्यांचा. तिसरा वर्ग दोन्हीपैकी काहीच न पाहिलेल्या तरुणांचा. यांतील अनेक जण त्याच निर्मात्यांच्या ‘अवतार’-परंपरेतील आधीच्या कामामुळे या मालिकेकडे आले होते. भारतात नेटफ्लिक्सची सेवा जानेवारी २०१६ मध्येच सुरू झाली होती. त्या सेवेतून ही मालिका पाहणाऱ्या आपल्याकडील प्रेक्षकाच्या दृष्टीने तर पुष्कळदा हा ‘पुनरारंभ’ नव्हताच, तो आरंभ होता.

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली अपेक्षाक्षितिजाची संकल्पना येथे उपयोगी पडते. मात्र तिच्यात थोडी दुरुस्ती करावी लागते. याउस यांच्या मांडणीत एका कालखंडातील वाचकांचे क्षितिज आणि नवी कृती यांतील अंतर महत्त्वाचे असते. येथे एकाच दिवशी, एकाच कृतीसमोर तीन क्षितिजे उभी आहेत आणि त्यांची एकमेकांशीही देवघेव चालू आहे. ‘गोलायन’ पाहिलेला चाहता इतरांना जे सांगतो, त्याने त्या इतरांचे क्षितिज पहिला भाग संपता संपता बदलून जाते.

प्रत्यक्ष प्रतिक्रियांत सिंहांच्या वाटपाची चर्चा ठळक होती. १९८४ च्या मालिकेत काळा सिंह कीथचा, लाल सिंह लान्सचा आणि निळा सिंह आधी स्वेनचा व नंतर अल्लुराचा आहे. नव्या मालिकेत काळ्या सिंहावर शिरो हा नवाच वाटणारा नायक बसतो, कीथकडे लाल सिंह येतो आणि लान्सकडे निळा. पहिल्या वर्गातील चाहत्यांना ही मोडतोड वाटली. दुसऱ्या वर्गाने मात्र शिरोचे पूर्ण नाव ताकाशी शिरोगाने आहे, म्हणजे हा ‘नवा’ नायक वस्तुतः सर्वांत जुना आहे, याकडे लक्ष वेधले. ज्याचे नाव, देश आणि मृत्यू अमेरिकन पाठाने काढून घेतले होते, तो स्वतःच्या नावाने परतला होता. कीथच्या आडनावातही कोगाने हे जपानी नाव परतले. शत्रूंना पुन्हा गाल्रा म्हटले गेले. ग्रहाच्या नावाबाबतीत तर दोन्ही पाठ राखले गेले. आल्तेया हा अल्लुराचा नष्ट झालेला मायदेश ठरला आणि तिचा सिंहदुर्ग ज्या ग्रहावर दहा हजार वर्षे निद्रिस्त होता, तो आरस.

या सर्व बदलांना कोणत्या ना कोणत्या पूर्वपाठाचा आधार आहे. त्यांना साधार बदल म्हणता येईल. परंतु या पहिल्या पर्वात निराधार बदलही आहेत. पिज हा दोन्ही जुन्या मालिकांत मुलगा होता, तर येथे तो मुलाच्या वेषात वावरणारी केटी होल्ट ही मुलगी असल्याचे उघड होते. पूर्वी गौरवर्णी असलेली अल्लुरा येथे सावळ्या वर्णाची आणि शुभ्रकेशी आहे. यांपैकी कशालाही कोणत्याच पाठाचा आधार नाही. निष्ठा हाच चाहत्यांचा निकष असता, तर त्यांचा रोष साधार बदलांपेक्षा निराधार बदलांवर अधिक दिसायला हवा होता. प्रत्यक्षात काही जुन्या प्रेक्षकांनी नापसंती दाखवली, तरी पिजविषयीचा बदल मोठ्या वर्गाने आपलासा केला. राजकन्येखेरीज एकही स्त्री नसलेल्या जुन्या चमूत काहीतरी उणे होते आणि ते आता भरून निघाले, असा त्या स्वीकारामागील विचार होता.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्य हे काव्याचे जीवित मानले. ज्याला जे अनुरूप ते त्याला देणे, हा त्या विचाराचा गाभा आहे. चाहत्यांच्या प्रतिक्रियांत ‘मुळाशी प्रामाणिक’ आणि ‘मुळाचा विपर्यास’ हे शब्द सतत येतात. पण त्यांचे प्रत्यक्ष निर्णय तपासले, तर ते त्या पात्राला आणि त्या कथेला जे देय आहे ते मिळाले की नाही, या प्रश्नावर ठरलेले दिसतात. निष्ठा ही त्यांची भाषा आहे आणि औचित्य हा त्यांचा व्यवहार.

४

या दृष्टीने शिरोविषयीची प्रतिक्रिया सर्वांत बोलकी आहे. पहिल्या भागात तो गाल्रांच्या कैदेतून वर्षभराने सुटून येतो. त्याचा एक हात यांत्रिक आहे, चेहऱ्यावर व्रण आहे, कपाळावरची बट पांढरी झाली आहे, आणि कैदेत काय घडले हे त्याला नीटसे आठवत नाही. ‘गोलायन’मधील पाचही तरुणांच्या वाट्याला आलेली गुलामी येथे एकट्या शिरोच्या देहात साठवली आहे. अमेरिकन पाठाने पुसलेली हिंसा नव्या मालिकेत परत येते ती अशी, प्रत्यक्ष दृश्यांपेक्षा व्रणांतून आणि विस्मृतीतून.

जपानी पाठ ठाऊक असलेल्या चाहत्यांनी हा भाग पाहताच शिरोच्या मृत्यूची चिंता सुरू केली. येथे कुतूहलापेक्षा पूर्वज्ञान मोठे आहे. महाभारत ऐकणाऱ्याला अभिमन्यू चक्रव्यूहात शिरताना जे ठाऊक असते, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. परंतु येथे एक गुंतागुंत आहे. एका पाठात हा नायक मरतो आणि दुसऱ्यात जगतो. त्यामुळे त्याचे भवितव्य कथेतील घटनांपेक्षा नवी मालिका कोणता पाठ स्वीकारील यावर अवलंबून आहे, असे चाहत्यांना वाटू लागले. पात्राविषयीची काळजी आणि पाठनिर्णय या दोन गोष्टी येथे एक झाल्या.

पुढील पर्वांनी दिलेले उत्तर आश्चर्यकारक आहे. जानेवारी २०१७ मधील दुसऱ्या पर्वाच्या शेवटी शिरो काळ्या सिंहातून नाहीसा होतो. ऑगस्ट २०१७ च्या तिसऱ्या पर्वात कीथ काळ्या, लान्स लाल आणि अल्लुरा निळ्या सिंहावर येते, म्हणजे १९८४ ची मांडणी जशीच्या तशी सिद्ध होते. पहिल्या भागात चाहत्यांना जो दोष वाटला, ती वस्तुतः कथेची पूर्वतयारी होती. त्याच पर्वात एका समांतर विश्वात शिरोच्याच चेहऱ्याचा, त्या जुन्या उच्चारांत बोलणारा स्वेन भेटतो आणि जखमी होतो. त्यानंतर परतलेला शिरो ही प्रतिकृती असल्याचे जून २०१८ मधील सहाव्या पर्वात स्पष्ट होते. खरा शिरो मेला होता आणि त्याचा आत्मा काळ्या सिंहात राहिला होता. अखेर तो प्रतिकृतीच्या देहात उतरवला जातो. ‘गोलायन’मधील मृत्यू, ‘व्होल्ट्रॉन’मधील जीवदान आणि हुबेहूब दिसणारा दुसरा माणूस, या तिन्ही पाठभेदांना येथे एकाच पात्राच्या चरित्रात जागा मिळाली आहे.

नावांच्या बाबतीतही हेच दिसते. हॅगर ही पूर्वाश्रमीची होनेर्वा असल्याचे पुढे उघड होते. जपानी आणि अमेरिकन नावांतील भेद हा आता एका स्त्रीच्या आधीच्या आणि नंतरच्या आयुष्यातील भेद बनतो. दायबझाल हे सम्राटाचे नाव गाल्रांच्या मूळ ग्रहाला मिळते. ज्या राजपुत्राला अमेरिकन मालिकेने लोटॉर म्हटले, त्याचे सिंक्लाइन हे जपानी नाव त्याच्या यानांना दिले जाते. संपादक तळटीपेत नोंदवतो ते पाठभेद येथे कथानक झाले आहेत. उंबेर्तो एको यांनी १९८५ च्या सुमारास मालिकांच्या सौंदर्यशास्त्राविषयी लिहिताना पुनरावृत्ती आणि नावीन्य यांतील संबंध ओळखणाऱ्या जाणत्या प्रेक्षकाचा विचार केला होता. येथील चाहता त्या जाणतेपणाच्याही पुढे जातो. त्याच्या ज्ञानावाचून ही कथा समजते, पण तिचा एक पूर्ण थर हाती लागत नाही.

५

या ठिकाणी भारतीय वाचकाला पाठसंपादनाच्या आपल्या इतिहासातील एका प्रसंगाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हस्तलिखितांच्या तुलनेवर उभी आहे. वि. सी. सुकथनकर यांनी संपादिलेल्या आदिपर्वात गणेशाने व्यासांचे लेखन केल्याची कथा मुख्य संहितेत नाही. तिला परिशिष्टात स्थान मिळाले. तरीही महाभारत म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे लेखणी घेतलेला गणेशच येतो. पाठचिकित्सेने जे प्रक्षिप्त ठरवले, ते परंपरेच्या स्मरणात मुळाइतकेच दृढ आहे. १९८४ चा ‘व्होल्ट्रॉन’ अमेरिकन प्रेक्षकाच्या स्मरणात तसाच दृढ आहे. तो उत्तरकालीन आहे हे सिद्ध केल्याने त्याचे अधिकारस्थान ढळत नाही.

आणखी एक उदाहरण थेट आपल्या दूरदर्शनचे आहे. निप्पॉन अ‍ॅनिमेशनची १९८९ ची ‘जंगल बुक’ मालिका १९९३ मध्ये हिंदीत आली आणि गुलजार यांच्या शीर्षकगीतामुळे ती भारतीय बालपणाचा भाग झाली. २०१६ मध्ये, ‘व्होल्ट्रॉन’च्या पुनरारंभाआधी अवघे दोन महिने, डिस्नेचा चित्रपट भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या हिंदी आवृत्तीच्या प्रसिद्धीसाठी तेच गीत नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले. किपलिंगचे इंग्रजी पुस्तक, जपानी चित्रे आणि हिंदी गीत यांपैकी भारतीय प्रेक्षकाचे ‘मूळ’ कोणते, याचे उत्तर निर्मितीच्या कालानुक्रमाने देता येत नाही. स्वीकाराचा कालानुक्रम वेगळा असतो. जे प्रथम भेटते ते मूळ ठरते. पुनरारंभाच्या पहिल्या भागाविषयीचा प्रत्येक वाद या दोन कालानुक्रमांच्या संघर्षातून जन्म घेतो.

६

चाहत्यांच्या वाचनाचा असा गौरव करताना त्याच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. हेन्री जेंकिन्स यांनी १९९२ मध्ये चाहत्यांना परक्या संहितेच्या रानात शिरून आपल्याला हवे ते उचलून नेणारे वाचक म्हणून पाहिले. ही प्रतिमा आकर्षक असली, तरी ती मालकीचा प्रश्न सोडवत नाही. यंत्रमानवाच्या कथा पहिल्यापासून खेळण्यांच्या विक्रीशी बांधलेल्या आहेत. चाहत्याचे ज्ञान कितीही सूक्ष्म असो, कथा पुढे कुठे न्यावी हा निर्णय संस्थांच्या हाती असतो. चाहत्यांचे औचित्य आणि संस्थेचे हित यांत फट पडली की तो निर्णय त्यांना अन्यायासारखा जाणवतो.

२०१८ मध्ये हे तीव्रपणे घडले. जुलैमध्ये सॅन दिएगो येथील कॉमिक-कॉन संमेलनात शिरोचा पूर्वीचा जोडीदार अ‍ॅडम हा पुरुष असल्याचे जाहीर झाले आणि त्याचे मोठे स्वागत झाले. ऑगस्टमध्ये आलेल्या सातव्या पर्वात अ‍ॅडम थोडा वेळ दिसून युद्धात मारला गेला. समलिंगी पात्रांना कथेत आणून लगेच मारून टाकण्याची जी जुनी रूढी आहे, तिचीच ही पुनरावृत्ती असल्याचा आक्षेप आला. दोस सान्तोस यांना खुले पत्र लिहून दिलगिरी व्यक्त करावी लागली. डिसेंबर २०१८ मधील अखेरच्या पर्वात अल्लुराच्या बलिदानावरही रोष प्रकट झाला.

हा रोष अतिरेकी होता, असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. त्यातील काही आविष्कार अतिरेकी होतेही. तथापि पहिल्या भागाने चाहत्यांशी कोणता करार केला होता, हे आठवले की त्याचे तर्कशास्त्र कळते. पूर्वीच्या पाठाने ज्याचा मृत्यूसुद्धा नाकारला, त्याला त्याचे नाव परत देऊन ही मालिका सुरू झाली होती. पुसलेल्यांना पुन्हा लिहिणे हेच तिचे वचन होते. तिनेच नव्याने आणलेल्या एका माणसाला काही क्षणांत पुसून टाकले, तेव्हा चाहत्यांच्या दृष्टीने भंग झाला तो या वचनाचा. त्या मृत्यूला पूर्वपाठाचा आधार नव्हता, ही बाब गौण आहे. पिजच्या बदलालाही आधार नव्हता. फरक औचित्याचा होता.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पुनरारंभित कृतीचा विचार ‘मूळ आणि रूपांतर’ या द्विपदी चौकटीत पुरेसा होत नाही. ‘व्होल्ट्रॉन’सारख्या कृतीत पाठांची परंपरा असते आणि तिच्यातील प्रत्येक थराचा स्वतंत्र वाचकवर्ग असतो. चाहत्यांची पहिल्या भागावरील प्रतिक्रिया ही या थरांची तुलना करणारी समीक्षाच असते. तिची परिभाषा अशास्त्रीय असली, तरी पद्धत तौलनिक असते. ती निष्ठेच्या नावाने बोलते, पण न्याय औचित्याच्या आधारे करते.

आपल्याकडील रूपांतरविचाराला हे निरीक्षण नवे वाटू नये. ज्या भाषांत रामकथा आणि भारतकथा शतकानुशतके नव्याने सांगितल्या गेल्या, तेथील श्रोत्यांनी कर्णाला किंवा सीतेला काय देणे लागते, याचा हिशेब मांडूनच प्रत्येक नव्या कथनाचा स्वीकार केला आहे. अणुयुद्धाच्या छायेत जपानमध्ये जन्मलेली, अमेरिकेत मृत्यूविना वाढलेली आणि कोरियात पुन्हा रेखाटली गेलेली ही कथा त्याच हिशेबाचा अर्वाचीन दाखला आहे. तौलनिक साहित्याभ्यासाने अशा कथांच्या संहितांबरोबरच त्यांच्या प्रेक्षकांच्या पाठनिर्णयांचीही नोंद ठेवली पाहिजे.